शिरक्याचं मडकं

सातवा लागला तसं सासूनं
बाजारातून सहा किलो आलं आणलं,
जून, दोऱ्यांचं, मातीसकट.
चमच्याच्या कडेनं साल खरवडली,
गच्चीत दोन उन्हं दाखवली,
कोरड्या कढईत परतलं,
पाणी सुटेस्तोवर, सुटलेलं आटेस्तोवर.
मग मडकं. त्यात काळा गोड शिरका, गळ्यापर्यंत.
"लोखंडाला शिरका खातो," म्हणाली,
"माती त्याला सांभाळून घेते."

दर चार दिवसांनी एक उकळी.
वर झाकण. पुन्हा शांत.
आमच्या शुंदेत बाळाआधी
बाळाचा वास येतो.
गल्लीच्या तोंडाशी सायकली जोडणारा खोंग
नाक वर करून विचारायचा,
"कितवा, यूत-सिम?"

पथ्यं तोंडपाठ होती मला.
नासपती थंड. कलिंगड थंड. मुगाचं पाणी थंड.
लिची उष्ण, दोनच्या वर नाही.
आणि खेकडा?
त्याचं नावही नको:
तो आडवा चालतो, पोर आडवं येतं.

मी खाल्ला.
ऑफिसच्या वर्षअखेरच्या जेवणात,
वाफाळता, केशरी गाभोळीचा,
सोबतचा आल्याचा तुकडासुद्धा न घेता.
बोटं लिंबानं धुतली
आणि घरी येऊन हसले.

मग दक्षिणेचा ओला वारा सुटला.
भिंतींना घाम फुटला,
आरशात कुणी दिसेना,
वाळत घातलेली लंगोटी सहा दिवस वाळली नाही.
त्याच आठवड्यात कधीतरी
पोटातलं हलणं थांबलं.
डॉक्टरनं कारण सांगितलं, लांबलचक.
मला त्यात फक्त खेकडा ऐकू आला.

इस्पितळातून आलो तेव्हा
मडकं चुलीशेजारी होतं तसंच.
वाटलं, आज रात्री ही कालव्यात ओतून येईल.
तिनं गॅस पेटवला.
डुकराचे पाय भाजून, खरवडून, तोडून आत सोडले.
अंडी उकडली. मोजली. लाल मात्र रंगवली नाहीत.

"खा.
कूस रिकामी झाली की गारठा शिरतो.
तिला कुठं कळतंय
कडेवर कुणी आहे की नाही."

तीस दिवस. रोज एक वाडगा.
आधी आंबट, मग गोड.
तिखट फार उशिरा,
घास खाली उतरल्यावर, एकटं असताना.
शेजारी एकही वाडगा गेला नाही.
वास मात्र सगळ्या गल्लीत गेला,
त्याला कोण अडवणार.
खोंग चाकात मान घालून बसायचा.

बाराव्या दिवशी मी सांगून टाकलं.
ती अंडं सोलत होती.
टरफलाचा एक बारीक तुकडा
पांढऱ्याला चिकटून बसलेला,
तो नखानं काढेपर्यंत गप्प.

"मी तर दोन्ही खेपेला खाल्ले," म्हणाली.
"तुझ्या नवऱ्याच्या वेळी तर तीन.
बघ, चालतो ना सरळ?
थोडा वाकडा चालतो,
पण ते त्याच्या बापाकडचं."

मी हसले. टाके दुखले.
त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली,
पाय उबदार होते.

दोन वर्षांनी नणंदेच्या लग्नात
दहाजणांच्या गोल टेबलावर
आल्या-पातीत परतलेले खेकडे आले.
शेजारच्या बाईनं आग्रहानं तिला वाढला.
तिनं ताटली हलकेच लांब सारली.
"नको गं. अंगभर पित्त उठतं.
शेंबडी होते तेव्हापासून
तोंडाला लावला नाही."

मग माझ्याकडे लक्ष गेलं तिचं.
मग चहाच्या किटलीकडे.

मी चॉपस्टिकनं तो खेकडा
माझ्या ताटलीत ओढला.
नांगी फोडली.
यावेळी आलं आधी खाल्लं.